खंडेनवमीला पुजलेली डिस्क

भानुदासशेठनी मला फसवलं. पैशात फसवलं असं कुणी समजू नये. माझं बिल त्यांनी हातात पडल्या दिवशी भागवलं. फसवलं ते सौद्यात. आमचा एक सौदा ठरला होता. माझ्या बाजूचं काम त्यांनी माझ्याकडून पुरेपूर करून घेतलं. त्यांच्या बाजूला फक्त एक खरं वाक्य बोलायचं होतं, तेही कुणी विचारलं तरच. ते वाक्य त्यांनी भरल्या सभेत, माइक हातात धरून, उलटं करून सांगितलं.

दिवाळी अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे कॉम्प्युटर दुरुस्तीतल्या गमतीजमती मागितल्या आहेत. गमती भरपूर आहेत आणि त्या मी सांगणारच. पण वर्षभर घशात अडकलेली गोष्ट आधी बाहेर काढली, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

माझं दुकान थेरगावला, डांगे चौकापासून चालत पाच मिनिटांवर. मी मूळची परभणीकडची. लग्न होऊन इकडे आले तेव्हा कॉम्प्युटर फक्त बँकेत बघितला होता, तोही काचेपलीकडून. नवरा कंपनीत शिफ्टला गेला की दिवस मोकळा असायचा. म्हणून एका क्लासमध्ये हिशोबाचं सॉफ्टवेअर शिकायला जाऊ लागले. तिथला कॉम्प्युटर सारखा बंद पडायचा आणि दुरुस्तीवाला यायचा चार दिवसांनी. एकदा वैतागून मीच झाकण उघडलं. आत पंख्यावर इतकी धूळ होती की पंखा फिरायचा सोडून नुसता थरथरत होता. ओढणीच्या टोकानं पुसला आणि मशीन सुरू झालं. क्लासच्या सरांनी त्या महिन्याची फी माफ केली. मी दोन महिन्यांची मागितली आणि घेतली. माझ्या धंद्याची सुरुवात ही अशी झाली.

तेव्हापासून एक नियम आहे. झाकण उघडायच्या आधी भाव ठरवायचा. कारण आत काय झालंय हे कळलं की गिऱ्हाईक म्हणतं, "एवढंच होतं? हे तर मीही केलं असतं." मग कर ना बाबा! एका माणसानं असं म्हटल्यावर मी त्याच्या मशीनचे सगळे स्क्रू काढून एका वाटीत त्याच्यापुढे ठेवले आणि समोर बसून चहा प्यायले. अर्ध्या तासानं त्यानं मला ताई म्हणायला सुरुवात केली.

बाई दुरुस्तीला आली की पहिली पाच मिनिटं गिऱ्हाईक माझ्या मागं बघत राहतं, इंजिनिअर कधी येणार म्हणून. ताथवड्याच्या एका होस्टेलवर वॉचमननं मला स्वयंपाकाच्या बायकांच्या रांगेत उभं केलं होतं. आत एका मुलाचा लॅपटॉप बंद पडला होता. त्यानं महागडं डिझाइनचं सॉफ्टवेअर फुकट उतरवलं होतं, आणि त्या फुकटच्या फाइलबरोबर सूचना होती: आधी अँटीव्हायरस बंद करा. त्यानं तो इमानदारीनं बंद केला.

मी म्हणाले, "भावा, चोरानं सांगितलं राखणदाराला सुट्टी दे, आणि तू दिलीस?"

तो म्हणाला, "मॅडम, खाली पाचशे लोकांनी थँक्यू लिहिलं होतं."

"ते चोराचेच पाहुणे."

व्हायरस म्हणजे काय, असं मला लोक नेहमी विचारतात. माझं उत्तर साधं आहे. तो कुणीतरी लिहिलेला प्रोग्रॅमच असतो, फक्त तुमच्यासाठी लिहिलेला नसतो. बहुतेक वेळा तो भिंत फोडून येत नाही. दार आपणच उघडतो, कारण बाहेरून कुणीतरी ओळखीच्या आवाजात हाक मारलेली असते.

कधी कधी तर आत कुणी नसतंच, नुसता आरडाओरडा असतो. थेरगावातच माझ्या मागच्या गल्लीत एक निवृत्त काका आहेत. त्यांच्या लॅपटॉपवर एकदा लाल पडदा आला. भोंगा वाजायला लागला आणि एक बाई इंग्रजीत ओरडू लागली की तुमचं मशीन धोक्यात आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा. मी पोचले तर लॅपटॉप कुठं दिसेना.

"कुठंय?" मी विचारलं.

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी स्वयंपाकघरातली गव्हाची कोठी दाखवली. लॅपटॉप गोधडीत गुंडाळून आत पुरला होता. भोंगा अजून बारीक आवाजात वाजत होता.

"मोबाइल भिजला की तांदळात ठेवतात ना," काकू म्हणाल्या, "मग म्हटलं व्हायरसला गहू."

मला हसू आवरेना. पण काकांनी एक गोष्ट लाखमोलाची केली होती. त्यांनी तो फोन केला नव्हता. "बँकेनं बोलावलं तरी मी तीन दिवस विचार करून जातो," ते म्हणाले, "ही बाई कोण लागून गेली?" मी इंटरनेट बंद केलं, ते पान मारून टाकलं, भोंगा थांबला. लॅपटॉपच्या कीबोर्डमधून मात्र पुढं महिनाभर गव्हाचे दाणे निघत होते.

दाण्यांवरून आठवलं. आमच्या धंद्याचा खरा हंगाम दसऱ्यानंतरचा आठवडा. खंडेनवमीला भोसरी, चाकणपासून आमच्या गल्लीतल्या गिरणीपर्यंत सगळीकडे यंत्रांची पूजा होते. मशीन धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून, हळदकुंकू वाहून त्या दिवशी त्यांना विश्रांती देतात. ही पद्धत मला मनापासून आवडते. जे हात आपल्याला खायला घालतात त्यांच्यापुढे वर्षातून एकदा वाकावं. मीही माझ्या स्क्रू ड्रायव्हरची पूजा करते. पण लेथ मशीनला कुंकू सोसतं, कॉम्प्युटरला सोसत नाही. कीबोर्डात अक्षता, पंख्यात हळद, प्रिंटरच्या पोटात नारळाचं पाणी. एकानं तर सीडी ठेवायच्या खणात पेढा ठेवून खण आत ढकलला होता. नैवेद्य दाखवला म्हणाला.

म्हणून दरवर्षी नवरात्राच्या सुरुवातीला मी माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना निरोप पाठवते: फुलं वरून ठेवा, कुंकू कागदावर वाहा, नारळ दाराबाहेर फोडा. एवढं सगळं बजावणारी मी, पण डिस्कबद्दल एक शब्द लिहायला विसरले. डिस्कची कुणी पूजा करेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आता भानुदासशेठकडे येते.

शेठ चाकणजवळच्या जुन्या गावातले. घरची जमीन होती, त्यातल्या एका तुकड्यावर त्यांच्या वडिलांनी पत्र्याची शेड टाकली आणि एक जुनी प्रेस आणून बसवली. आज तिथे पत्रा दाबून गाड्यांचे लहान भाग बनतात आणि एका मोठ्या कंपनीला जातात. माणूस मोठा दिलदार, तोंडानं तिखट, आणि भाव करण्यात माझ्या तोडीचा. आमचा वर्षाचा करार ठरला तेव्हा दोन तास घासाघीस चालली होती आणि आम्ही दोघंही खूष होतो. असं गिऱ्हाईक क्वचित मिळतं.

त्या करारात मी दोन डिस्क मागितल्या होत्या. इथे थोडं समजावून सांगते. कारखान्याचा जीव कॉम्प्युटरमध्ये असतो: डायची, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्यांची ड्रॉइंग, मशीनचे प्रोग्रॅम, ऑर्डरी, बिलं. त्या सगळ्याची नक्कल वेगळ्या डिस्कवर काढून ठेवायची, तिला बॅकअप म्हणतात. हल्ली असे व्हायरस आहेत की ते फाइल पुसत नाहीत, कुलूप घालतात आणि किल्लीसाठी खंडणी मागतात. आणि ते फक्त कॉम्प्युटरला नाही, त्या घटकेला वायरनं जे जे जोडलेलं असेल त्या सगळ्याला कुलूप घालतात. म्हणून बॅकअपची डिस्क एरवी सुटी, कपाटात असली पाहिजे. आणि एक नव्हे, दोन पाहिजेत. एक तिथे, एक माझ्याकडे.

शेठ म्हणाले, "दोन कशापायी? दोन बायका आन दोन डिस्का, घरात निस्ती भांडणं. एकच ऱ्हाऊ द्या."

मी हसले आणि एक डिस्क सोडली. त्या बदल्यात तीन गोष्टी पदरात पाडून घेतल्या. डिस्क कुलपात राहील, किल्ली ऑफिसच्या रेखाकडे राहील, आणि दर शनिवारी मी समोर बसल्याशिवाय ती जोडायची नाही. बाहेर पडताना मला वाटलं, चांगला सौदा झाला. आयुष्यात मी जे जे सौदे केले त्यातला हा सगळ्यात वाईट. एवढी चूक माझी आहे आणि ती मी इथे लिहून ठेवते.

दर शनिवारी मी स्कूटरवरून मोशीमार्गे चाकणला जायची. कंपन्यांच्या बस आणि कांद्याचे ट्रक यांच्यामधून वाट काढत पोचायची, इंटरनेटची वायर काढायची, मशीन तपासायची, मग रेखा किल्ली आणायची. आणि दर शनिवारी मी शेठना ऐकवायची, "शेठ, शेड जळाली तर पुन्हा बांधाल. ही डिस्क जपा. हीच तुमची कंपनी आहे."

शेठ ते नीट ऐकत होते. फारच नीट ऐकत होते.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रेखाचा फोन आला. रेखा म्हणजे ऑफिसमधली एकुलती एक कारकून. ऑर्डरी, बिलं, हजेरी, पाहुण्यांचा चहा, सगळं तिच्याकडे. मुलगी कधी घाबरत नाही, पण त्या दिवशी आवाज पार गेला होता. "ताई, कुठलीच फाइल उघडत नाहीये. नावं पण बदललीत सगळ्यांची. आणि एक इंग्रजी चिठ्ठी आलीय."

मी सांगितलं, "सगळ्या मशीनच्या मागच्या वायरी उपट. बटण दाबू नकोस, काही वाचू नकोस. डिस्क कुलपात आहे ना?"

"वायरी उपटतेय," ती म्हणाली.

"रेखा?"

"तुम्ही या ताई."

पोचले. ऑफिसात अजून झेंडूचा वास होता. टेबलावर पाट, पाटावर लाल कापड, कापडावर माझी डिस्क. वर हळदकुंकवाची पाच बोटं, भोवती तांदूळ. आणि तिच्यातून निघालेली वायर थेट कॉम्प्युटरमध्ये.

"ही कुणी जोडली?" मी विचारलं. विचारलं म्हणजे ओरडले. बाहेरचे दोन कामगार दारात येऊन उभे राहिले.

रेखा खाली बघत म्हणाली, "शेठनी. पूजेला."

शेठ खुर्चीत बसले होते. म्हणाले, "दिवा लागंना तिचा. बंद वस्तूला कुकू लावत्यात व्हय? जोडली, निळा दिवा लागला, मंग पूजा केली. तुमीच म्हणता ना, हीच कंपनी हाय? सगळ्यात पयला मान तिला दिला."

"आणि कॉम्प्युटर? मशीन बंद ठेवतात ना पूजेला?"

"पडद्यावर देवीचा फोटू लावला हुता. बंद कसा करनार?"

"पूजा झाल्यावर तरी काढायची!"

"पुजलेलं हत्यार सोनं लुटल्याबिगर हलवत न्हाईत, ताई. तुमच्याकडं हलवत्यात का?"

नाही हलवत. आमच्याकडेही नाही हलवत.

झालं होतं असं. खंडेनवमीच्या सकाळी रेखाला एक मेल आला. पाठवणाऱ्याचं नाव मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागातलं. मजकूर असा की सुधारित ऑर्डर जोडली आहे, आजच मान्यता कळवा. तिनं फाइल उघडली, काहीच दिसलं नाही. तेवढ्यात फुलवाला आला, ती उठली. त्या मेलमध्ये रेखानं ओळखावं असं काय होतं? लोक म्हणतात, घाई करणारा मेल म्हणजे फसवणूक समजावी. आमच्या पट्ट्यातल्या लघुउद्योजकांना विचारा, खरा खरेदी विभाग दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलतो ते! अँटीव्हायरस होता, चालूही होता. पण हा चोर त्याच्या यादीत अजून आला नव्हता. तिकडे पडद्यावर देवी होती, समोर आरती चालली होती, आणि आत एकेक फाइलला कुलूप लागत होतं. आधी कॉम्प्युटरमधल्या, मग पाटावरच्या डिस्कमधल्या. दसऱ्याचा आख्खा दिवस त्याला मोकळा मिळाला. देवीच्या फोटोच्या फाइललाही कुलूप होतं.

"देवीला बी?" शेठनी विचारलं. पहिल्यांदा त्यांचा चेहरा उतरला.

मग त्यांना ती इंग्रजी चिठ्ठी वाचून दाखवली. ते पुढं सरकले. "लई मागत्यात. तुमी भाव करन्यात पटाईत. निम्म्यात बघा की."

खरं सांगते, क्षणभर माझ्या अंगात आलं होतं. पण म्हणाले, "शेठ, भाव करायला माणूस समोर लागतो. माल दाखवल्याशिवाय मी भाजीवाल्याला पैसे देत नाही. हे किल्ली देतील याची हमी कोण घेणार?"

"मंग?"

मग रेखानं खरी अडचण सांगितली. पुढच्या सोमवारी मोठ्या कंपनीचा तपासनीस यायचा होता. प्रत्येक भागाचं ड्रॉइंग, प्रत्येक मशीनचा प्रोग्रॅम, सगळं जागच्या जागी दाखवावं लागणार होतं. नाही दाखवलं तर ऑर्डर दुसऱ्याकडे. मधे चार दिवस.

तिथे आमचा सौदा ठरला. रेखा साक्षीला होती. मी म्हणाले, "चार दिवस दुकान बंद ठेवून मी इथे बसते. बिल नेहमीच्या रोजाचंच लावते, अडलेल्याकडून जादा घेत नाही. पण एक अट आहे. कुणी विचारलं तर खरं सांगायचं, की डिस्क पूजेला जोडलेली राहिली. माझा धंदा तोंडी चालतो, शेठ. जाहिरात नाही, पाटी नाही. चाकणमध्ये माझं नाव गेलं तर मी घरी बसले."

शेठनी पाटावरच्या हळदकुंकवाला हात लावला. "शबूद दिला," म्हणाले.

ते चार दिवस माझ्या कामातले सगळ्यात चांगले दिवस होते. रागात होते, पण मजा आली. कॉम्प्युटरमध्ये काही उरलं नव्हतं. मग कुठे कुठे उरलं असेल? टूलरूममध्ये डाय कोरणारी दोन मोठी मशीन होती. त्यांच्या स्वतःच्या पोटात गेल्या कित्येक कामांचे प्रोग्रॅम पडून होते. कुणी कधी साफ केले नव्हते. मी जन्मात पहिल्यांदा आळशी माणसांना मनोमन हात जोडले. रेखानं पाठवलेले मेल कारखान्याबाहेर, मेलवाल्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर सुखरूप होते. माझ्या लॅपटॉपवर ते उघडून आम्ही त्यातून ड्रॉइंग उतरवून घेत होतो. आणि तिसरा खजिना कामगारांच्या खिशात निघाला. शेडमध्ये ड्रॉइंगचे फोटो काढायला सक्त मनाई होती. तशी मोठी पाटीच होती. दुपारच्या सुट्टीत मी पाटीखाली उभी राहिले आणि विचारलं, "कुणाच्या मोबाइलमध्ये ड्रॉइंगचे फोटो आहेत?"

सगळे शेठकडे बघत होते.

शेठ म्हणाले, "अरं बोला की. आज माफी."

एकदम अकरा हात वर. टेबलापुढे रांग लागली. "मॅडम, फोटो घ्या, पण पुढं सरकवू नका," एक जण कानात म्हणाला. दुसऱ्याच्या फोटोत ड्रॉइंग स्पष्ट होतं, पण नेमक्या मापावर त्याचा अंगठा. मग प्रत्यक्ष डाय आणून, मोजून, अंगठ्याखालचं माप भरलं. तोपर्यंत शेठ स्वतः शर्टाच्या बाह्या सारून डाय उचलत होते आणि कामगारांना म्हणत होते, "राव, तुमच्या बेशिस्तीनं वाचवलं."

सोमवारी तपासनीस आला, दोन तास बसला, चहा प्यायला, सही करून गेला.

सगळं परत आलं असं मी म्हणणार नाही. जुनी कोटेशनं गेली. आणि शेठच्या वडिलांचे फोटो गेले: पहिल्या शेडचं उद्घाटन, पहिल्या प्रेससमोर फेटा बांधून उभे राहिलेले. मूळ फोटो ओलीनं खराब झाले म्हणून मीच ते कॉम्प्युटरवर चढवून दिले होते. दोन डिस्क असत्या तर ते आज असते. शेठ त्याबद्दल मला एक शब्दही बोलले नाहीत. ही गोष्ट मी विसरलेले नाही, म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

दोन-तीन महिन्यांनी उद्योजक मंडळींचा स्नेहमेळावा होता. मला आमंत्रण होतं. तिसऱ्या रांगेत बसले होते. शेठचा सत्कार झाला, संकटातून कंपनी सावरली म्हणून. निवेदकानं विचारलं, "शेठ, नेमकं झालं काय होतं?"

हाच तो प्रश्न. मी सरसावून बसले.

शेठनी माइक घेतला, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "आमच्या ताई लई हुशार. आता बी समोर बसल्यात. पन काय झालं, चोर आला त्या दिवशी यांचा बॅकअप निघाला एक्सपायर!"

सभागृह हसून लोटपोट. मी उभी राहिले. "शेठ, वायर कुणी जोडली ते सांगा!" पण निवेदकानं टाळ्या मागितल्या होत्या आणि जेवणाची घोषणा केली होती. पंगतीकडे धावणाऱ्या उद्योजकांसमोर कुणाचं काय चालतं!

त्यानंतर तीन कारखान्यांनी मला बोलवायचं बंद केलं. कारण कुणी सांगितलं नाही. चाकणच्या तळेगाव चौकातल्या टपरीवर एका अनोळखी माणसानं चहा घेता घेता विचारलं, "तुम्हीच का त्या एक्सपायरवाल्या मॅडम?" त्यानं वाईट हेतूनं विचारलं नव्हतं. ओळख म्हणून विचारलं. ते जास्त वाईट.

त्या चहाच्या दुसऱ्याच दिवशी मी शेठच्या ऑफिसात गेले. दार उघडंच ठेवलं.

"शब्द दिला होता तुम्ही."

"मस्करी केली हो ताई. लोक हसले, इसरले."

"लोक विसरले नाहीत. माझी तीन गिऱ्हाइकं गेली."

शेठनी पाणी मागवलं. मग म्हणाले, "माझ्या भावाच्या दोनी शेडचं काम तुमाला देतो. वरीसभराचं. झालं?"

मी खोटं लिहिणार नाही. मी मनात हिशोब केला. तीन गेली, दोन आली, ती मोठी. दुसरी कुठलीही गोष्ट असती तर मी तिसरी शेड मागून हात मिळवला असता.

"काम नको. वाक्य द्या. तिथेच, त्याच माइकवर."

तेव्हा ते खरं बोलले. आवाज खाली करून. "कसं सांगू ताई? आबांच्या येळेपास्न पूजा हाय. शंभर मान्सं हात जोडत्यात. त्यांला सांगू का, पूजेनं घात केला? उद्या कुनी दिवा लावनार न्हाई. तुमच्यावर ढकललं तर एका मान्साचं नुसकान. देवीवर ढकललं तर..."

मी म्हणाले, "देवीचं नाव कोण घेतंय? देवीनं वायर जोडली नव्हती."

रेखा कागद चाळत होती. पण तिचं सगळं लक्ष इकडे होतं. मी उठून आले. त्या शनिवारपासून चाकणची ती फेरी बंद आहे.

धंदा बुडालेला नाही. थेरगाव, ताथवडे भागात मला श्वास घ्यायला फुरसत नाही. आता प्रत्येक करारात दोन डिस्क असतात आणि त्यावर घासाघीस होत नाही. कुणी एकावर आलं की मी पर्स उचलते. यंदाच्या नवरात्रातल्या निरोपात एक ओळ वाढवली: डिस्कची पूजा करायची असेल तर सुटी ठेवून करा, तिच्या निळ्या दिव्याच्या जागी पणती लावा. गिऱ्हाइकांना ही ओळ आवडली. एकानं खास पणतीचा फोटो पाठवला.

पण नावाचं काय? शेठ, तुमच्या पूजेवर माझा राग नाही. मी तुमच्या जागी असते तर मीही डिस्कला पहिला मान दिला असता, कदाचित वायरही जोडली असती. चूक माणसाकडून होते, मी माझी वर लिहिलीय. माझं भांडण चुकीशी नाही, मोडलेल्या शब्दाशी आहे. चार दिवस मी तुमच्या शेडमध्ये बसले ते त्या एका वाक्याच्या बोलीवर. माल तुम्ही उचलला, किंमत दिली नाहीत, वर मालालाच नावं ठेवली. भाव करणाऱ्या माणसांमध्ये याला काय म्हणतात ते तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे.

हा अंक तुमच्या ऑफिसात येतो. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर दरवर्षी तुमची जाहिरात असते, त्यामुळे चुकणार नाही. रेखा तुम्हाला हे वाचून दाखवेल, ती साक्षीदारही आहे. पुढच्या स्नेहमेळाव्याला मी तिसऱ्या नाही, पहिल्या रांगेत बसणार आहे. हळदकुंकवाला हात लावून दिलेला शब्द तुम्ही का मोडलात, याचं उत्तर मला तिथं पाहिजे. फोनवर नको, दार लावून नको. माइकवर, जेवणाची घोषणा व्हायच्या आधी.